ई-पुस्तक घेताय? मग तळटीप विसरा

विकत घेतलेल्या ई-पुस्तकातला एक उतारा लेखात घेतला, तळटिपेच्या क्रमांकासकट. पुन्हा ताडून पाहायला गेलो तर वाक्य वेगळं आणि तळटीप गुल. विचारणा केली तर उत्तर आलं, 'आता आपल्याकडे अद्ययावत आवृत्ती आहे.' हे भाग्य सर्वांना लाभावं म्हणून या सूचना.

सेटिंगमधलं 'ऑटोमॅटिक बुक अपडेट्स' चुकूनही बंद करू नका. 2023 मध्ये ब्रिटनमधल्या प्रकाशकाने रोआल्ड डालच्या बालकथांतून 'फॅट'सारखे शब्द काढले, तेव्हा आधी विकलेल्या ई-प्रतीही आपोआप बदलल्या. छापील प्रतवाले मात्र या घरपोच सेवेला मुकले. बिचारे अजून जे विकत घेतलं तेच वाचतात.

खुणा, टिपणं वगैरे करू नका. ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात खुणेची जागा बहुधा 'इतकावा परिच्छेद, इतकावं अक्षर' अशी मोजून ठेवलेली असते. वर कुणी एक परिच्छेद घुसवला की तुमचा पिवळा पट्टा भलत्याच वाक्यावर.

स्वतःजवळ प्रत ठेवण्याचा हट्ट सोडा. यूएसबीने पुस्तक उतरवून घ्यायची सोय ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रासाठी 26 फेब्रुवारी 2025 पासून काढून टाकली आहे. 2009 मध्ये तर ॲमेझॉनने हक्कांच्या घोळापायी विकलेलं पुस्तक लोकांच्या किंडलवरून परत नेलं होतं. पैसे दिले म्हणा. पुस्तक कोणतं, तर ऑर्वेलचं '1984', जुन्या नोंदी पुसून इतिहास बदलणाऱ्या सत्तेची कादंबरी. यावर वेगळा विनोद करायची सोय नाही.

वकील असाल तर फक्त ताजंच पुस्तक वापरा. 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता गेली, न्याय संहिता आली. 302 चं 103 झालं, 420 चं 318. ई-पुस्तक लगेच चकाचक! आता त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते आणि ते खटले अजून वर्षानुवर्षं चालणार, ही किरकोळ बाब. जुन्या संहितेतसुद्धा कुठल्या तारखेची, हा प्रश्न असतोच. बलात्काराच्या कलम 376(1) ची किमान शिक्षा 2018 च्या दुरुस्तीने 7 वरून 10 वर्षं झाली. 2017 च्या गुन्ह्याला ही 10 वर्षं लावता येत नाहीत, राज्यघटनेचं कलम 20(1) आडवं येतं. म्हणजे वकिलाला आजचं पुस्तक नको असतं, गुन्ह्याच्या तारखेचं हवं असतं! आणि या प्रकाशकांच्या ई-पुस्तकात आवृत्तीच्या जागी काय, तर 'अद्ययावत'. कधी? काय बदललं? आधीचं कुठे मिळेल? कशाचाच पत्ता नाही. आरोपीची तीन वर्षं कुणाच्या 'अपडेट'वर सोडायची?

संदर्भसूचीत लिहा : 'वाचलं तेव्हा होतं, आईशप्पथ.'

पुरे झाला उपरोध. प्रकाशकहो, दुरुस्तीला कुणाची ना नाही. चुका सुधारा, पण सांगून सुधारा. नाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती शके 1506 मध्ये, हे आपल्याला कशावरून कळतं? त्यांनी शेवटी ओव्यांत तसं नोंदवून ठेवलं म्हणून. वर, पुढच्यांनी यात आपल्या ओव्या घुसडू नयेत, असंही बजावलं. बोरूने लिहिणाऱ्यांना जे सुचलं, ते तुम्हाला सुचू नये?

तुमची ईपब ही एक झिप फाइल. तिच्यातल्या ओपीएफमध्ये, म्हणजे पुस्तकाची माहिती ठेवणाऱ्या फाइलीत, शेवटच्या बदलाची तारीख-वेळ घालणं ईपब 3 मध्ये सक्तीचंच आहे. तीच तारीख वाचकाला दिसेल अशी पहिल्या पानांत छापा. खाली शुद्धिपत्र द्या : प्रकरण कोणतं, आधी काय होतं, आता काय आहे. छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळात लोक ते निमूटपणे पुस्तकाला जोडत, त्यात कुणाची इज्जत गेली नाही. जुनी फाइल ग्राहकाच्या खात्यात राहू द्या. मजकुराचं पुस्तक असून असून किती एमबीचं असतं? 1954 च्या कायद्यानुसार प्रकाशकाला छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना 30 दिवसांत द्यावी लागते. त्या कायद्यातलं पुस्तक छापील किंवा शिळाछाप, म्हणजे ई-पुस्तक त्यात नाहीच. तुमची जुनी ई-प्रत तुम्ही पुसलीत की ती बहुधा कुठेच उरत नाही. पैसे घेताना बटणावर 'खरेदी करा' असं लिहिता ना? मग विकलेल्या वस्तूला हात घालण्याआधी विचारायची रीत कधी शिकणार?