४१ टक्के, पण नेमके कशाचे?

एक तारीख आली की जीएसटीच्या वसुलीचा आकडा झळकतो. एप्रिल २०२५चा २.३७ लाख कोटींचा विक्रम असाच गाजला. मुळात तो कर मार्चमधल्या, म्हणजे वर्षअखेरच्या घाईतल्या व्यवहारांवरचा. परतावे वजा जाता हातात राहिले सुमारे २.०९ लाख कोटी, पण हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचणाऱ्यालाच कळतं. असो. माझं म्हणणं वेगळं आहे. कर किती जमला याच्या जोडीला तो कुठल्या नावाने जमला हे बघा. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, नळपाणी योजना, पोलीस यांचा मोठा खर्च राज्यं करतात आणि त्यांच्या वाट्याला काय येणार हे त्या नावावर ठरतं.

केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा वित्त आयोग सुचवतो. १५व्या आयोगाने २०२१-२६ साठी तो ४१ टक्के धरला. हे ४१ टक्के एकूण कराचे नाहीत. घटनेच्या कलम २७० प्रमाणे उपकर (सेस, ठरावीक कामासाठीचा कर) आणि अधिभार (सरचार्ज, करावरचा जादा कर) बाजूला काढायचे, वसुलीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्याचे ४१ टक्के द्यायचे. उपकर, अधिभार अख्खे केंद्राचे.

पेट्रोलचंच घ्या. मे २०२२च्या कपातीनंतर केंद्राचं शुल्क लिटरला १९.९० रुपये झालं. त्यात मूळ उत्पादन शुल्क १.४० रुपये, विशेष अतिरिक्त शुल्क (हाही अधिभारच) ११ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये आणि कृषी पायाभूत सुविधा उपकर २.५० रुपये. वाटणीला येतो तो फक्त पहिला आकडा. म्हणजे त्या दराने १२ हजार लिटरचा एक टँकर भरला की केंद्राकडे २,३८,८०० रुपये जाणार. वाटणीच्या भांड्यात पडणार १६,८००. सगळ्या राज्यांना मिळून ६,८८८. महाराष्ट्राचा १५व्या आयोगातला हिस्सा ६.३१७ टक्के, म्हणजे ४३५ रुपये. वसुलीचा खर्च मी धरलेला नाही, नाहीतर आणखी थोडे कमी. पुढे एप्रिल २०२५मध्ये शुल्क २ रुपयांनी वाढलं, तेही मूळ शुल्कात नाही, विशेष अतिरिक्त शुल्कात.

(राज्यही धुतल्या तांदळाचं नाही. व्हॅट आहेच, वर लिटरमागे वेगळी रक्कमही घेतं.)

प्राप्तिकरात तेच. एखाद्याचा कर २० लाख आला, उत्पन्न ५० लाखांवर म्हणून १० टक्के अधिभार २ लाख, आणि २२ लाखांवर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर ८८ हजार. भरले २२.८८ लाख, वाटणीला २० लाख.

उपकराचं समर्थन असं की पैसा ठरलेल्या कामालाच लागतो. त्यासाठी तो आधी राखीव निधीत वळता व्हायला हवा. कॅगने (सरकारी हिशेब तपासणाऱ्या घटनात्मक यंत्रणेने) २०१८-१९ चा हिशेब तपासला तेव्हा ३५ उपकर आणि तत्सम आकारण्यांतून २.७४ लाख कोटी जमले होते आणि राखीव निधीत गेले होते १.६४ लाख कोटी. बाकी पैसा संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या सर्वसाधारण तिजोरीतच राहिला. मग ठरलेल्या कामाचं समर्थन कशाच्या जोरावर करायचं?

पैसा केंद्र पुरस्कृत योजनांतून परत येतोच की, असं कोणी म्हणेल. येतो, पण अटींसह. बऱ्याच योजनांत ६०:४० चं प्रमाण आहे. राज्याने आपले ४० वेळेत टाकले नाहीत किंवा आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र अडकलं, की पुढचा हप्ता थांबतो. काम अर्धवट, ठेकेदाराचं बिल लटकलेलं, आणि मार्चमध्ये एकदम धावपळ. वाटणीतून आलेल्या पैशाला ही कटकट नाही. तो कुठे खर्चायचा हे राज्य ठरवतं.

आता आपल्याकडचं नेहमीचं गाऱ्हाणं, "मुंबई सगळ्यात जास्त प्रत्यक्ष कर भरते, मग आम्हाला इतकंच का?" हा मुद्दा लंगडा आहे. मुख्यालय मुंबईत असलेल्या बँकेचा कर मुंबईत जमा होतो, पण तो नफा पाटण्याच्या आणि कोइम्बतूरच्या शाखांचाही असतो. शिवाय १५व्या आयोगाच्या सूत्रात सर्वाधिक ४५ टक्के भार उत्पन्नातल्या तफावतीला होता. श्रीमंत राज्याला कमी मिळणार हे त्यात गृहीतच होतं. आणि १४व्या आयोगात महाराष्ट्राचा हिस्सा ५.५२१ टक्के होता, तो १५व्यात वाढला. त्यामुळे भांडायचंच तर वाटणीच्या भांड्याच्या आकारावरून भांडा. त्या भांडणात बिहार आणि उत्तर प्रदेशही आपल्याच बाजूला असतील.

पडताळा घ्यायला कॅलक्युलेटर पुरे. अर्थसंकल्पात एकूण कर महसूल आणि राज्यांना दिलेला वाटा हे दोन्ही आकडे छापलेले असतात. २०२३-२४ चे प्रत्यक्ष आकडे सुमारे ३४.६५ लाख कोटी आणि ११.२९ लाख कोटी. भागाकार ३२.६ टक्के येतो.