फुगलेले की फुटलेले?

लेकीच्या पाचव्या वाढदिवसासाठी बोहरी आळीतून शंभर फुग्यांचं पाकीट आणलं. पंप आणायचा राहिला. चाळिसाव्या फुग्याला डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले आणि त्याच अवस्थेत मी सोसायटीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकलं. ग्रुपवर एक तमीळ कुटुंब आहे, म्हणून आम्ही बाकीचे समस्त मराठी कोथरूडकर एकमेकांशीही इंग्रजीतच बोलतो. मी लिहिलं, पाच वाजता या, मुलांसाठी शंभर 'ब्लोन-अप' फुगे आहेत.

दहा मिनिटांत तळमजल्यावरचे काका दारात. हातात जाडजूड डिक्शनरी.

"फुटके फुगे वाटताय?"

"फुटके नाही हो काका, फुगवलेले."

"दोन्ही अर्थ होतात. सुरुंगानं उडवलेला पूलही ब्लोन-अपच. आणि तो भिंतीवरचा फोटो, मूळचा पासपोर्ट साइजचा ना? मोठा केलात, तोही ब्लोन-अप."

मराठी किती समंजस! पुरी टम्म फुगते, केटररचं बिल फुगतं, पंप विसरलो म्हणून सकाळपासून हिचे गाल फुगलेत. पण कशाचा स्फोट होत नाही. फुटायचं असेल तर फुटणं हे वेगळं क्रियापद आहे. इंग्रजांचं तसं नाही. रबरी फुगा मायकेल फॅराडेनं १८२४ साली लंडनमध्ये बनवला, तोही हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी. भरायचा वायूच असा भडकू, मग फुगवणं आणि उडवणं यांना वेगळे शब्द कशाला हवेत? (हे माझं भाषाशास्त्र. काकांना सांगितलं नाही.)

"आणि ती आडवी रेघ," काका सोफ्यावर बसत म्हणाले. "विशेषण नामाच्या आधी आलं तरच द्यायची. 'फुगे ब्लोन अप आहेत' असं लिहिलंत तर नको."

"पण मी नामाआधीच लिहिलंय. रेघ बरोबर आहे."

"बरोबर आहे म्हणूनच तर तीन जिने चढून आलो. बाकीच्यांच्या मेसेजसाठी मी चप्पलही घालत नाही."

पुण्यात याला कौतुक म्हणतात. त्या भरात मी हातातल्या फुग्यात आणखी एक फुंकर मारली. फट्‌! रबराची चिंधी जाऊन काकांच्या डिक्शनरीवर पडली.

काकांनी ती दोन बोटांनी उचलून उजेडात धरली.

"हा एक चालेल," ते म्हणाले. "उरलेल्या नव्व्याण्णवांचं बघा."