फंडिंग आलं म्हणजे धंदा जमला, असं नाही

‘ज्याला फंडिंग मिळालं तोच खरा स्टार्टअप, बाकीचे नुसते दुकानदार’ हे वाक्य हल्ली नव्या उद्योजकांच्या ग्रुपांवर सारखं फिरतंय. सोबत तीन कारणं असतात: गुंतवणूकदार पारखूनच पैसे देतात, मूल्यांकन म्हणजे कंपनीची खरी किंमत आणि बाहेरच्या पैशाशिवाय कुणी मोठं होत नाही. तिन्ही मला पटत नाहीत.

पारख होते, मान्य. पण व्हेंचर फंडाचं, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या फंडाचं, गणित अनेक कंपन्यांचं असतं. बऱ्याच बुडाल्या तरी एखादीने सगळं भरून काढायचं. संस्थापकाकडे एकच कंपनी असते. ऑनलाइन शिकवणीच्या बायजूजचं मूल्यांकन 2022 मध्ये 22 अब्ज डॉलर होतं. 2024 मध्ये क्रिकेट मंडळाचे सुमारे 158 कोटी थकवल्यावरून कंपनीचं प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं आणि तिच्यातल्या मोठ्या गुंतवणूकदाराने, प्रोससने, आपल्या हिश्श्याची किंमत शून्य धरली.

मूल्यांकन तर कागदावर मांडूनच बघा. 2 कोटी घेऊन 20 टक्के हिस्सा दिला, की कंपनी ‘10 कोटींची’ होते. खात्यात मात्र 2 कोटीच येतात. आता करारातलं लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम काढा, म्हणजे कंपनी विकली की आधी कुणाचे पैसे फिटणार ते ठरवणारं. समजा, सगळ्या फेऱ्यांत मिळून 50 कोटी उचलले आणि कंपनी 40 कोटींना विकली गेली. कलम साधं एकपट, म्हणजे घातले तेवढेच परत, असलं तरी आधी गुंतवणूकदारांची रक्कम फिटते, म्हणजे चाळीसच्या चाळीस कोटी तिकडेच. नावावर निम्मे शेअर असलेल्या संस्थापकाच्या हाती काही उरत नाही. पैसे आले त्या दिवशी पेढे वाटणाऱ्या किती जणांनी ते पान वाचलेलं असतं? सही करण्याआधी वकिलाला बसवून वाचाच, ही माझी कळकळीची विनंती आहे.

राहिलं मोठं होणं. औषधं किंवा बॅटऱ्या बनवायच्या तर विक्रीआधीच भांडवल लागतं, ते घ्यावंच. पण शेअर ब्रोकिंगची कंपनी झिरोधा 2010 मध्ये बाहेरचा पैसा न घेता उभी राहिली आणि 2023-24 मध्ये तिचा नफा सुमारे 4,700 कोटी होता. सॉफ्टवेअर बनवणारी झोहोही तशीच वाढली. आणि आपल्या पुण्यातलं क्विक हील बघा. रहिमतपूरच्या कैलाश काटकरांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. पुढे भाऊ संजय यांनी अँटीव्हायरस लिहिला आणि तो गिऱ्हाइकांना विकत विकत कंपनी वाढली. सिकोया या व्हेंचर फंडाचे 60 कोटी आले ते 2010 मध्ये, धंदा चालू लागल्यावर कितीतरी वर्षांनी.