इशारा पातळी आधीच ठरवा

सॉफ्टवेअर प्रकल्पात काय काय बिघडू शकतं, त्या धोक्यांची यादी प्रकल्प सुरू होतानाच करावी, असं एका लेखात वाचलं आणि ते पटलं. पण यादी करून फाईलमध्ये ठेवली तर तिचा उपयोग शून्य. आम्हा कोल्हापूरकरांना हे पंचगंगेच्या पुरानं शिकवलंय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आकडे आधीच ठरलेले, म्हणून भर पावसात वाद घालत बसावं लागत नाही.

मी साखर कारखान्यांसाठी ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करतो. गळीत हंगाम आमच्यासाठी थांबत नाही. म्हणून प्रत्येक धोक्यापुढे शक्यता आणि नुकसान तर लिहितोच, शिवाय एक तारीख आणि एका माणसाचं नाव लिहितो. उदाहरणार्थ, वजनकाट्याची सॉफ्टवेअरशी जोडणी १५ सप्टेंबरपर्यंत चाचणीत टिकली नाही, तर यंदा जुनीच पद्धत. दर सोमवारी दहा मिनिटं हेच तपासतो.

एक धोका मात्र बहुतेक याद्यांत दिसत नाही: जुना, चालणारा कोड तसाच उचलणं. १९९६ मध्ये युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. आधीच्या एरियान ४ मधून घेतलेल्या कोडमध्ये आकड्यासाठी ठेवलेल्या जागेत नव्या रॉकेटच्या वेगाचा मोठा आकडा मावला नव्हता. आम्हीही एका कारखान्याचं ऊसतोडणी-वाहतुकीचा हिशेब करणारं मॉड्यूल दुसऱ्या कारखान्याकडे जसंच्या तसं लावलं होतं. कपातीचे नियम वेगळे निघाले आणि पंधरवड्याची बिलं हातानं काढावी लागली. शेतकरी पैशांसाठी थांबले होते, ते अजून विसरता येत नाही.