सापाचा ‘स’ गेला कुठे?

मी स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणजे ज्यांना बोलताना अडचण येते त्यांना बोलतं करणं हे माझं काम, आणि हे आधीच सांगून ठेवते कारण पुढचे तीन आठवडे सगळ्यात कमी बोलता आलं ते मलाच. निम्मा वेळ मी म्यूटवर होते आणि उरलेला निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का’ एवढंच म्हणत होते.

प्रॅक्टिस एकटीची. रिसेप्शनिस्ट मी, हिशेब मी, खेळणी पुसणारी मी आणि आयटी डिपार्टमेंट पण मीच. ऑनलाइन सेशनचा मामला तसा साधा होता, मीटिंगची लिंक व्हॉट्सॲपवर टाकायची, लोक यायचे, काम व्हायचं, कोणाची तक्रार नाही. मग एके दिवशी माझ्याच क्षेत्रातल्या एका बाईंची वेबसाइट बघितली. पानाच्या मधोमध ‘सेशन सुरू करा’ असं बटण, दाबलं की तिथल्या तिथे व्हिडिओ उघडतो, वर त्यांचा लोगो, मागे मंद निळा रंग. झालं. माझी लिंक मला एकदम गरीब वाटायला लागली.

भाच्याला फोन लावला. तो कम्प्युटरमधलं काहीतरी करतो, नक्की काय ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. म्हणाला, “अगं मावशी, पाच मिनिटांचं काम आहे, एक आयफ्रेम टाकायची बस.” आयफ्रेम म्हणजे काय विचारलं तर म्हणे आपल्या भिंतीला भोक पाडायचं आणि त्यातून शेजाऱ्याचा टीव्ही बघायचा. हे मला लगेच कळलं. शेजारी कुठला घ्यायचा ते तुझं तू बघ म्हणाला आणि फोन ठेवला.

मग मी रीतसर एक्सेल शीट उघडली. ज्या माणसाला निर्णय घ्यायचा नसतो तो एक्सेल शीट उघडतो हा माझा जुना अनुभव आहे. बघता बघता कॉलम झाले १७. मोबाइलवर चालतं का, ॲप डाउनलोड करावं लागतं का, लोगो टाकता येतो का, मागचा रंग बदलता येतो का (हा कॉलम मी पिवळा केला होता), वगैरे वगैरे.

पहिल्याच रात्री कळलं की मी रोज वापरते ते गूगल मीट असं दुसऱ्याच्या पानात बसतच नाही, त्याची लिंकच द्यायची. झूमच्या फुकट खात्यात दोघांच्या कॉललाही ४० मिनिटांची मर्यादा, आणि माझं सेशन ४५ मिनिटांचं, शिवाय ते आपल्या पानात बसवायचं तर त्यांचं एसडीके (म्हणजे प्रोग्रामर लोकांसाठीचं तयार कोडचं गाठोडं) घ्या, आपल्या सर्व्हरवर सिग्नेचर तयार करा, सिग्नेचर म्हटल्यावर मी खरंच पेन शोधायला लागले होते. जित्सी नावाचं व्हिडिओ कॉलचं टूल ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, स्वतःच्या सर्व्हरवर टाका आणि हवं तेवढं वापरा, पण ‘स्वतःचा सर्व्हर’ या शब्दांनंतर मला पुढचं वाचवेना, आणि त्यांच्या जाहीर सर्व्हरवरून एम्बेड केलं, म्हणजे आपल्या पानात बसवलं, तर कॉल ५ मिनिटांचा, ते फक्त डेमोपुरतं असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय. ५ मिनिटांत माझी गिऱ्हाइकं खुर्चीवर सरळ बसत सुद्धा नाहीत.

मग उरले ते रूमची, म्हणजे कॉलच्या खोलीची, लिंक तयार देणारे, लिंक आयफ्रेममध्ये टाकली की झालं. यांच्यातली गंमत म्हणजे महिन्याला अमुक हजार मिनिटं फुकट. मी खूश, आपली कुठे एवढी होतात. पण ती मिनिटं माणशी मोजतात! म्हणजे मी आणि पेशंट ४५ मिनिटं बोललो की त्यांच्या वहीत ९० मिनिटं. त्यात आणखी आई एका फोनवरून आणि बाबा ऑफिसमधून दुसऱ्या फोनवरून आले तर १८०. एवढी मिनिटं माझ्या दिवसात नाहीत पण बिलात आहेत.

सुरक्षिततेचा कॉलम मी सगळ्यांना ‘हो’ लिहून संपवला कारण सगळ्यांच्याच पानावर कुलपाचं चित्र होतं. नंतर भाच्याने सांगितलं की कुलपाचं चित्र हे चित्र असतं, रेकॉर्डिंग आपोआप होतं का आणि होत असेल तर कुठे साठतं ते विचार. ते विचारल्यावर दोन टूल शीटमधून गेली.

शेवटी एक निवडलं. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात चूक त्यांची किती आणि माझी किती हे अजून ठरायचंय.

कोड चिकटवला, सेव्ह केलं, पान उघडलं, काहीच नाही. माझा वेबसाइट बिल्डर तो कोड सेव्ह करताना गुपचूप पुसून टाकत होता, माझ्याच भल्यासाठी म्हणे. त्याला वेगळा ‘कस्टम कोड’चा डबा असतो, त्यातच टाकायचं. तिथे टाकलं तर व्हिडिओ आला, पण काडेपेटीएवढा. आयफ्रेमला माप दिलं नाही तर ब्राउझर स्वतःच ३०० बाय १५० पिक्सेल धरतो. एवढ्याशा चौकटीत मी, पेशंट, आणि खाली सहा बटणं! ज्या मुलाला माझी जीभ दातांच्या मागे नेमकी कुठे टेकते ते दाखवायचंय त्याला माझं अख्खं डोकं शेंगदाण्याएवढं दिसणार.

माप वाढवलं तर कॅमेरा चालू होईना. परवानगी विचारणारी ती छोटी चौकट येईचना. पुन्हा फोन.

“मावशी, तू परमिशन दिलीस का?”

“मला विचारतंय कुठे कोणी?”

“तुला नाही गं, आयफ्रेमला.”

“ती माझ्याच पानात राहते की, तिला परत कसली परमिशन?”

तर द्यावी लागते. शेजाऱ्याचा टीव्ही नुसता बघायचा असेल तर भोक पुरतं, पण शेजाऱ्याने आपल्या घरातला कॅमेरा वापरायचा असेल तर आयफ्रेमच्या कोडमध्ये ‘अलाउ’ लिहून त्यात कॅमेरा आणि मायक्रोफोन असं स्पष्ट टाकावं लागतं, नाहीतर ब्राउझर परस्पर नाही म्हणून मोकळा होतो, आपल्याला विचारत पण नाही. आणि हे बरोबरच आहे म्हणा, नाहीतर प्रत्येक जाहिरातीने आपल्याला बघितलं असतं.

मग टेस्टिंग. समोर लॅपटॉप, हातात मोबाइल, दोन्हीकडे मीच. लॅपटॉपच्या मीने ‘हॅलो’ म्हटलं, ते मोबाइलमधून आलं, ते लॅपटॉपच्या माइकने ऐकलं, ते परत मोबाइलमधून आलं, आणि दोन सेकंदांत घरात अशी किंकाळी उठली की शेजारी, म्हणजे खरे शेजारी, दार वाजवून गेले. दोन वेगळ्या खोल्यांत ठेवा हे मला कोणीतरी सांगायला हवं होतं. दुसऱ्या खोलीतून मी लॅपटॉपच्या मला ‘ऐकू येतंय का’ विचारलं आणि उत्तर द्यायला धावत या खोलीत आले. मोबाइलवर अजून एक शोध लागला, गेल्या वर्षी मी हौसेने वेबसाइटवर कोपऱ्यात चॅटचा फुगा लावला होता, ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’, तो बरोबर माइकच्या बटणावर येऊन बसत होता. म्हणजे अनम्यूट करायला गेलं की तो मदत करायला लागायचा.

फुगा काढला आणि सोमवारी उद्घाटन केलं.

पहिला पेशंट सहा वर्षांचा. ‘स’ येत नाही, ‘स’च्या जागी ‘त’. सायकलची तायकल, सापाचा ताप. सहा सेशन झाली होती आणि मागच्या वेळी सुटा ‘स’ छान निघाला होता, आता शब्दाच्या सुरुवातीला आणायचा होता. नवं पान उघडलं, लोगो झळकला, मंद निळा रंग (त्याकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही), आणि मी म्हटलं, “चला, आधी सापाचा आवाज काढू. ससससस.”

त्याने तोंड केलं. ओठ ताणलेले, दात जवळ, जीभ आत, एकदम पुस्तकातल्यासारखं. आवाज मात्र शून्य.

“जोरात हं. हवा सोड.”

परत तोंड. सुरुवातीला किंचित फुस्स आणि मग शांतता.

“बरं, साप म्हण.”

“आप.”

आता माझी पंचाईत. ‘ताप’ म्हणणारा मुलगा ‘आप’ म्हणायला लागला म्हणजे ही प्रगती म्हणायची की अधोगती? ‘त’ गेला हे चांगलं, पण ‘स’ कुठाय? मी म्हटलं हवा कमी पडतेय. तोंड कॅमेऱ्याला जवळजवळ चिकटवलं, हाताचा फणा केला आणि डोलत डोलत लांबलचक फूत्कार टाकायला लागले. तो बिचारा परत परत तोंड करतोय, मी परत परत ‘अजून जोरात’ म्हणतेय, अकरा वेळा. अकराव्या वेळी त्याची आई चौकटीत आली.

“अहो मॅडम, तो कधीचा बरोबर म्हणतोय! घरभर सससस चाललंय इथे. आणि तुमचा आवाज येतच नाहीये, तुम्ही नुसत्याच हलताय.”

आणि नेमकं याच वेळी, मी फणा काढलेल्या अवस्थेत असताना, तिसरी चौकट उघडली. माझे पुढचे पेशंट, निवृत्त शिक्षक, घसा बसण्याच्या तक्रारीसाठी येतात, सवयीप्रमाणे दहा मिनिटं आधी हजर. मी सगळ्यांना एकच कायमची रूम दिली होती, वेगवेगळ्या लिंका कुठे सांभाळत बसायचं म्हणून. काकांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या फण्याकडे बघितलं आणि अतिशय सभ्यपणे कुजबुजले, “मॅडम, चालू द्या तुमचं, मी थांबतो.” कुजबुजायला मी त्यांना सक्त मनाई केलेली, त्याने घशावर उलट ताण येऊ शकतो. मुलाने विचारलं, “हे आदोबा कोण?” आजोबा म्हणाले, “बाळ, जीभ दातांच्या मागे ठेव.” अगदी खरं होतं, पण एका पेशंटने दुसऱ्याला बघणं हे आमच्या धंद्यात मुळीच हसण्यावारी नेण्यासारखं नाही, मी ताडकन सगळा कॉलच बंद केला. मग दोघांच्या घरी स्वतंत्र फोन करून माफी मागितली, साध्या फोनवरून.

साध्या फोनवर माझ्या लक्षात आलं. फोनवर आडनाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असं दहादा विचारावं लागतं, कारण जुनी टेलिफोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवायची आणि ‘स’चा बराचसा जीव ४००० च्या वर. पण इंटरनेट कॉलला ही अडचण नसायला हवी. ब्राउझरमधले कॉल ज्या वेबआरटीसी नावाच्या तंत्रावर चालतात ते गूगलने २०११ मध्ये खुलं केलं आणि २०२१ मध्ये ते अधिकृत वेब स्टँडर्ड झालं, त्यातला ओपस नावाचा कोडेक, म्हणजे आवाज आकसून पाठवायची पद्धत, २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज नेऊ शकतो. मग ‘स’ खाल्ला कोणी?

रात्री साडेअकराला भाच्याने सांगितलं, नॉइज सप्रेशन, म्हणजे मागचा गोंगाट आपोआप गाळणारी सोय. एकसुरी सुसाट आवाज आला की ते समजतं हा पंखा, आणि दाबून टाकतं. माझं अख्खं करिअर ज्या आवाजावर चाललंय तो त्याच्या दृष्टीने पंखा! आणि सुरुवातीचा तो किंचित फुस्स म्हणजे पंखा आहे हे त्याच्या लक्षात येईपर्यंतचा वेळ.

यात वाईट भाग असा की हे काम आवाज पाठवणाऱ्याच्या बाजूला होतं, म्हणजे माझ्या लॅपटॉपवर काही करून उपयोग नाही, त्या मुलाच्या आईच्या फोनवर ते बंद करायला हवं. आणि चांगला भाग असा की सेशन आपल्या पानात एम्बेड केलेलं असेल आणि टूल तशी मुभा देत असेल तर जो येईल त्याच्यासाठी ते आपल्या कोडमधूनच बंद करता येतं, आईला सेटिंगमध्ये काही शोधावं लागत नाही. म्हणजे लोगोसाठी केलेल्या सगळ्या उपद्व्यापाला पहिल्यांदाच एक खरं कारण मिळालं. माझ्या १७ कॉलमांत हा कॉलम नव्हता.

अठरावा कॉलम टाकला. निवडलेल्या टूलमध्ये ती सोय नव्हती. दुसरं घेतलं. काडेपेटी, परमिशन, कस्टम कोडचा डबा, सगळं पुन्हा, पण आता खरंच पाच मिनिटांत झालं. इको कॅन्सलेशन तेवढं चालू ठेवलं, नाहीतर माझा आवाज त्यांच्या स्पीकरमधून मलाच परत. प्रत्येक सेशनला वेगळी रूम, वेळ संपली की लिंक बंद, आणि बाहेर वेटिंग रूम. काका आता तिथे दहा मिनिटं शांत बसतात, कुजबुजायला कोणी नसतं. एका आईने लिंक सोशल मीडियाच्या ॲपमधूनच उघडली आणि त्या ॲपच्या आतल्या ब्राउझरने कॅमेरा दिला नाही, तर आता पानावर मोठ्या अक्षरात ‘क्रोम किंवा सफारीत उघडा’ लिहिलंय. मंद निळा रंग त्या अक्षरांखाली झाकला गेला.

पुढच्या सोमवारी तो मुलगा आला. नॉइज सप्रेशन बंद, त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं ऐकू येत होतं, भांडी, टीव्ही, कोणीतरी कोणालातरी टॉवेल कुठे आहे विचारत होतं. त्यालाही माझ्याकडचं सगळं ऐकू जात होतं. मी कार्डं लावत होते, अजून काही विचारलं पण नव्हतं. तो मान वाकडी करून स्क्रीनकडे कान नेऊन ऐकत होता.

“मॅदम, तुमच्या घरात साप आहे?”

डोक्यावर पंखा चारवर फिरत होता. मी उठले नाही, पंखाही बंद केला नाही. वही ओढली आणि तारीख टाकून लिहिलं: ‘स’, वाक्यात, न सांगता.