९ ऑगस्टला तारपा, १० ऑगस्टला पोपटपंची

आज सकाळी एका ग्रुपवर व्हिडिओ आला आणि डोकंच फिरलं. पालघरच्या डोंगरपट्ट्यातली कुठलीशी अंगणवाडी. चार-पाच वर्षांची वारली पोरं रांगेत उभी, समोर खुर्चीवर साहेब, आणि पोरं इंग्रजी बालगीत म्हणतायत. म्हणतायत कसली, ओठ हलवतायत. खाली "ग्रेट वर्क मॅडम"चा पाऊस.

कसलं ग्रेट? त्यांच्या घरात गाण्यांचा दुष्काळ आहे का? लग्नात धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाते, भात कापून झालं की तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घुमतं आणि त्याभोवती रात्र रात्र नाच चालतो. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, आपल्याला हे सगळं स्टेजवर हवं असतं. दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र नको.

मी ज्या पाड्यावर जायचे तिथल्या अंगणवाडीतल्या मदतनीसबाई आठवल्या. खिचडी होईपर्यंत पोरं कटकट करायची, म्हणून त्या घरचं गाणं धरायच्या. ओळ तीच, फक्त दर खेपेला पोराचं नाव बदलायचं आणि त्या नावावर टाळ्या. सु-नी-ता, तीन. र-घू, दोन. आपल्या लिपीत एक अक्षर म्हणजे ढोबळमानाने एक टाळीच की! सेविकाताईंनी पुढे एवढंच केलं, नावांच्या चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या आणि नाव आलं की तिथे बोट ठेवायला लावलं. पोरं आधी आपली चिठ्ठी ओळखू लागली, मग शेजारच्याची. "सुनीताचा सु सुरेशकडं पण हाय!" असं एक पोरगी ओरडली तेव्हा तिने अंकलिपी उघडलीसुद्धा नव्हती.

भेटीला आलेल्या मॅडमनी विचारलं, "हे वेळापत्रकात कुठे बसतं?"

अहो, याच पट्ट्यात, बोर्डीला, १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पोरं येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. आणि आपण वेळापत्रक विचारतोय!

मान्य, आईबापांनाच इंग्रजी हवं असतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. एकाच वर्गात वारली, कातकरी, कोकणा पोरं असली तर गाणं कोणाचं, हाही प्रश्न आहे. आळीपाळीने घ्या, आणखी काय.

वारली भाषा निदान मराठीच्या जवळची. मेळघाटातल्या कोरकू पोराचं काय? त्याची भाषा मुंडा कुळातली, मराठीशी नातंच नाही. त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी 'अ अननसाचा'. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेबद्दल छान छान लिहिलंय, हो, वाचलंय मी.

सेविकांवर राग नाही माझा. रजिस्टरं भरता भरता त्यांचा जीव जातो. माझ्या यादीत ज्या पर्यवेक्षिका आहेत त्यांनी पुढच्या भेटीत एवढं करा: रजिस्टर मागण्याआधी मदतनीसबाईंना एक गाणं म्हणायला सांगा, आणि पोरांकडे बघा. त्या बाईंना सेविकेपेक्षाही कमी मानधन मिळतं. तो विषय काढला तर रात्रभर लिहीत बसेन, म्हणून थांबते.