'विसरतोय हे कळतंय, म्हणजे अल्झायमर नाही' हा दिलासा खोटा आहे

"ज्याला आपण विसरतोय हे कळतं, त्याला अल्झायमर नसतो." या वाक्याभोवती रचलेला एक मजकूर कित्येक वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. पॅरिसच्या एका नामांकित प्राध्यापकांचं नाव त्याला लावलेलं असतं. थोडक्यात आशय असा: साठीनंतरचं विसरणं बहुतेक वेळा वयाचं असतं, आजाराचं नाही. ज्याला आपल्या विसरण्याची जाणीव आहे त्याला स्मृतीचा आजार नाही, कारण खऱ्या रुग्णाला आपलं काय चाललंय याचा पत्ताच नसतो. पुढे तीन कोडी येतात. 'ओ'च्या रांगांत लपलेला 'सी' शोधा, नऊच्या आकड्यांत सहा शोधा, 'एम'च्या गर्दीत 'एन' शोधा. तिन्ही सापडले? अभिनंदन, न्यूरॉलॉजिस्टकडची वार्षिक भेट रद्द करा, अल्झायमर तुमच्यापासून खूप दूर आहे. आणि शेवटी, साठीपुढच्या सगळ्या मित्रांना हे पाठवा.

पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. म्हातारपणी मोठी धास्ती घेतली जाते ती या आजाराची, आणि तो आपल्याला नाही हे कुणीतरी ठामपणे सांगितलं तर कुणाला नको असेल? पण ज्या माणसाने डॉक्टरकडे जायला हवं, नेमकं त्यालाच हा मजकूर घरी बसायला सांगतो. म्हणून त्याचा एकेक मुद्दा तपासायला हवा.

पहिला मुद्दा बराचसा खरा आहे. ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी न आठवणं, चष्मा कुठे ठेवला ते शोधत फिरणं, खोलीत कशाला आलो हेच विसरणं हे वयाबरोबर वाढतं आणि बहुतेकांच्या बाबतीत तिथेच थांबतं. नाव तासाभराने आपोआप आठवतं, चष्मा सापडतो. याचा अर्थ रोग नव्हे. एवढंच लिहून मजकूर थांबला असता तर माझी काही हरकत नव्हती.

खरी चूक दुसऱ्या मुद्द्यात आहे: जाणीव आहे म्हणजे आजार नाही.

हा आजार ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्या आलोइस अल्झायमर यांची पहिली रुग्ण होती ऑगस्टे डेटर. नोव्हेंबर १९०१ मध्ये, वयाच्या ५१ व्या वर्षी, तिला फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. अल्झायमर यांनी तिला स्वतःचं नाव लिहायला सांगितलं. ते तिला पुरं लिहिता येईना, आणि ती म्हणाली, "मी स्वतःला हरवून बसले आहे." तिच्या उपचारांची फाइल दीर्घकाळ बेपत्ता होती, ती १९९० च्या दशकात सापडली आणि त्यात हे शब्द नोंदवलेले आहेत. १९०६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर मेंदूची तपासणी करून अल्झायमर यांनी टुबिंगेनच्या सभेत जो आजार जगासमोर मांडला, तो हाच. म्हणजे वैद्यकशास्त्रात नोंदल्या गेलेल्या पहिल्याच रुग्णाला, आजार पुष्कळ पुढे गेलेला असताना, आपलं काहीतरी निसटतंय हे कळत होतं. आणखी एक उदाहरण सगळ्या जगाने पाहिलेलं आहे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहून देशवासीयांना कळवलं की आपल्याला अल्झायमर झाला आहे. या मजकुराचा नियम लावला तर असं पत्र लिहिणंच अशक्य ठरतं.

मग हा नियम आला कुठून? एका खऱ्या लक्षणाच्या अर्धवट आकलनातून. स्वतःच्या आजाराची जाणीव न राहणं याला वैद्यकात अनोसोग्नोसिया म्हणतात, आणि तो अल्झायमरमध्ये खरोखर आढळतो. मात्र तो प्रत्येकात नसतो, सगळ्यांत सारखाही नसतो, आणि आजार वाढतो तसा वाढत जातो. मधल्या आणि शेवटच्या टप्प्यांत अनेक रुग्ण "मला काही झालेलं नाही" असं ठामपणे सांगतात, हे त्यांच्या घरच्यांनी अनुभवलेलं आहे. म्हणून जाणीव नसेल आणि घरच्यांना बदल दिसत असेल, तर ती काळजीची खूण आहे. पण यावरून "जाणीव असेल तर आजार नाही" हे सिद्ध होत नाही. ताप नसतानाही क्षयरोग असू शकतो, तसंच हे आहे.

उलट, स्मृतीबद्दलची स्वतःची तक्रार आज संशोधक फार गांभीर्याने घेतात. चाचण्यांत गुण चांगले पडतात, पण माणसाला आतून जाणवतं की पूर्वीसारखं राहिलं नाही. या अवस्थेसाठी २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने निकषांची चौकट मांडली. त्याच वर्षीच्या, अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणात दिसलं की अशी तक्रार असलेल्यांपैकी वर्षाला सुमारे २.३ टक्के लोक डिमेन्शियाकडे (रोजची कामं अडतील इतकी स्मृती आणि बुद्धीची घसरण; अल्झायमर हे तिचं सगळ्यात मोठं कारण) जातात. तक्रार नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे १ टक्का असतं. म्हणजे धोका साधारण दुप्पट. हा आकडा दोन्ही बाजूंनी नीट वाचावा: तक्रार करणाऱ्या बहुसंख्य लोकांना डिमेन्शिया होत नाही, हे त्यातूनच दिसतं. म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पण "जितकी तक्रार जास्त, तितका आजाराचा धोका कमी" असा जो अर्थ मजकुरातून निघतो, तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा आहे.

जाणीव आधी का येते, हेही समजण्यासारखं आहे. हा आजार लक्षणं दिसतात त्या दिवशी सुरू होत नाही. काही कुटुंबांत तो जनुकीय दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या, ठरावीक वयाच्या आसपास सुरू होतो. अशा कुटुंबांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातलं अ‍ॅमिलॉइड प्रथिन (अल्झायमरमध्ये ते मेंदूत साचत जातं, म्हणून द्रवात कमी होतं) लक्षणांच्या अपेक्षित वयाच्या सुमारे २५ वर्षं आधीपासून घटू लागल्याचं दिसलं. मेंदूत त्याचे साठे सुमारे १५ वर्षं आधी दिसू लागले होते. इतका लांब पल्ला असलेल्या आजारात एक काळ असा येणारच, जेव्हा मेंदूत बिघाड आहे, कामं अजून चालू आहेत, आणि ती करायला पूर्वीपेक्षा जास्त जोर लागतो आहे हे फक्त त्या माणसालाच कळतं आहे. घरच्यांना नाही, डॉक्टरांनाही नाही. लवकर निदानाच्या दृष्टीने हाच काळ सगळ्यात मोलाचा, आणि हा मजकूर नेमका याच काळातल्या माणसाला गप्प करतो. मला त्याचा राग येतो तो यासाठी.

आता कोडी. गर्दीतून वेगळं अक्षर शोधण्यात नजर आणि लक्ष यांची परीक्षा होते, स्मृतीची होत नाही. अल्झायमरमध्ये टाऊ या दुसऱ्या प्रथिनाचे गुंते बहुधा सर्वांत आधी एन्टोरायनल कॉर्टेक्स या भागात आणि मग शेजारच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दिसतात. हाइको आणि एव्हा ब्राक या जर्मन संशोधकांनी १९९१ मध्ये या प्रसाराचे टप्पे मांडले. नवीन गोष्ट मनात नोंदवून ठेवण्याचं काम याच भागांवर अवलंबून असतं. म्हणून सुरुवातीच्या रुग्णाला सकाळचं बोलणं दुपारी आठवत नाही, पण 'ओ'च्या रांगेतला 'सी' तो सहज शोधू शकतो. उलट, मोतीबिंदू असलेल्या किंवा फोनच्या छोट्या पडद्यावर वाचणाऱ्या निरोगी माणसाला तो सापडणार नाही, आणि तो उगाच धास्तावेल. अल्झायमरचा एक कमी आढळणारा प्रकार मेंदूच्या मागच्या, दृष्टीशी संबंधित भागापासून सुरू होतो. त्या रुग्णांना ही कोडी अवघड जातील, पण त्यासाठीही खरी तपासणी वेगळी असते.

डॉक्टर वापरतात त्या छोट्या चाचण्यांची रचना पाहिली की फरक लक्षात येतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका ही चाचणी साधारण दहा मिनिटांची, ३० गुणांची असते. त्यात पाच शब्द ऐकवतात, मध्ये दुसरी कामं करून घेतात आणि मग ते शब्द न सुचवता आठवायला सांगतात. घड्याळाचं चित्र काढून काटे दाखवायला लावतात, शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगतात. मिळालेले गुणही शिक्षण, भाषा, ऐकू येणं या सगळ्यांचा विचार करून वाचावे लागतात. एवढं करूनही निव्वळ तपासणीवर विसंबलं तर चुका होतात. स्वीडनमध्ये १,२१३ रुग्णांवर झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे मुलाखत, चाचण्या आणि सीटी स्कॅन यांवरून, अल्झायमरचं निदान प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनी ६१ टक्के वेळा बरोबर केलं, तज्ज्ञांनी ७३ टक्के वेळा. अल्झायमरशी संबंधित प्रथिनं मोजणाऱ्या नव्या रक्ततपासणीची अचूकता ९१ टक्क्यांच्या आसपास होती. तज्ज्ञांनाही समोर बसून जे खात्रीने ओळखता येत नाही, ते तीन कोडी सांगतील यावर विश्वास ठेवू नये.

"डॉक्टरची भेट रद्द करा" हा सल्ला तर सगळ्यात घातक. विसरण्यामागे अल्झायमर नसेलही, पण दुसरं काही असू शकतं. बी१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, झोपेत श्वास अडखळणं, झोपेच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, पडल्यानंतर कवटीच्या आत साचलेलं रक्त. यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे आणि त्यांतल्या अनेक साध्या तपासण्यांत सापडतात. ऐकू कमी येत असेल तर बोललेलं मनात नोंदलंच जात नाही, आणि घरचे समजतात की विसरले. भेट रद्द केली की हे सगळं राहून जातं.

आणि निदान अल्झायमरचं निघालं, तरी वेळेला आता पूर्वीपेक्षा जास्त किंमत आहे. लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. सुमारे १,८०० रुग्णांवरच्या चाचणीत दीड वर्षात रुग्णांची घसरण, हे औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत, २७ टक्क्यांनी मंदावली. जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅब आलं. ही औषधं आजार बरा करत नाहीत, गेलेली स्मृती परत आणत नाहीत. मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून वारंवार एमआरआय करावे लागतात. फायदा मर्यादित आहे, हे मी लपवणार नाही. पण ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात दिली जातात. उशिरा आलेल्याला ती मिळतच नाहीत. औषध घ्यायचं नसलं तरी आर्थिक व्यवहार, मृत्युपत्र, पुढे कुणी सांभाळायचं हे ठरवण्याचा हक्क माणसाला स्वतः वापरता येतो, तो निदान लवकर झालं तरच.

या मजकुराखाली हल्ली एक उत्तर हमखास येतं, आणि तेही दुसऱ्या टोकाला जातं: "आता रक्ताच्या एका तपासणीत वीस वर्षं आधी कळतं, चाळिशीतच सगळ्यांनी करून घ्या." रक्ततपासणीची प्रगती खरी आहे आणि मोठी आहे. एकेकाळी खात्रीचं निदान मृत्यूनंतरच व्हायचं. २००४ मध्ये जिवंत माणसाच्या मेंदूतलं अ‍ॅमिलॉइड पेट स्कॅनवर दाखवल्याचं प्रसिद्ध झालं, पाठीच्या कण्यातून द्रव काढून तपासण्याची पद्धत रुळली, आणि मग रक्तात अत्यंत सूक्ष्म प्रमाणात येणारं पी-टाऊ २१७ हे टाऊ प्रथिनाचंच एक रूप मोजता येऊ लागलं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्ततपासणीला परवानगी दिली. ४९९ नमुन्यांच्या अभ्यासात, तपासणीने 'आहे' म्हटलं तेव्हा ९१.७ टक्के वेळा ते स्कॅन किंवा द्रवाच्या तपासणीशी जुळलं. 'नाही' म्हटलं तेव्हा ९७.३ टक्के वेळा. जवळपास पाचातल्या एका व्यक्तीचा निकाल मात्र ना इकडे ना तिकडे असा आला.

पण परवानगी कुणासाठी आहे ते पाहा: वय ५५ वा त्याहून जास्त, आणि लक्षणं असलेले रुग्ण, तेही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. लक्षणं नसलेल्यांसाठी नाही. कारण अ‍ॅमिलॉइड असणं म्हणजे डिमेन्शिया होणंच, असं नाही. २०१५ च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार, बुद्धी पूर्ण शाबूत असलेल्यांतही पन्नाशीत सुमारे १० टक्के आणि नव्वदीत सुमारे ४४ टक्के लोकांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड असतं. त्यांतले अनेक जण चांगल्या स्मृतीनिशी जग सोडतात. किडनीचा आजार असला तर पी-टाऊचं प्रमाण रक्तात वाढलेलं दिसू शकतं. चाळिशीतल्या निरोगी माणसाच्या हातात असा निकाल पडला तर त्याला देण्यासारखं औषध आज नाही, फक्त भीती आहे. त्याने रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, ऐकणं आणि दृष्टी यांकडे लक्ष द्यावं, सिगारेट सोडावी, चालतं-फिरतं आणि माणसांत राहावं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाच्या २०२४ च्या अहवालाने असे १४ धोके मांडले आहेत आणि ते सर्व आटोक्यात आले तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल, असा अंदाज दिला आहे.

भेट रद्द करण्याऐवजी काय करावं, तेही सांगतो. एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारला जातोय का, रोजच्या रस्त्यावर गोंधळ होतोय का, हिशेब किंवा नेहमीची कामं चुकताहेत का, बोलताना साधे शब्द सापडेनासे झालेत का, आणि हे सहा महिन्यांपूर्वीपेक्षा वाढलंय का, हे उदाहरणांसह कागदावर लिहून काढा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी जोडा. आणि डॉक्टरकडे जाताना रोज सोबत राहणाऱ्या एका माणसाला घेऊन जा, कारण जे तुम्हाला दिसतं आणि जे त्याला दिसतं, त्या दोन्हींतला फरक डॉक्टरांना हवा असतो.